शून्य कुठंय?

विमानाची चाकं शिफोलच्या धावपट्टीला टेकली तेव्हा खिडकीला नाक चिकटवून मी मनात ओरडले, आले! पोचले! आयुष्यात पहिल्यांदा परदेशाच्या जमिनीवर!

दोन दिवसांनी वर्गात कळलं की ती जमीन म्हणजे एका तळ्याचा तळ होता. हार्लेमरमेर नावाचं अवाढव्य तळं डच लोकांनी वाफेवर चालणारे पंप लावून १८४९ ते १८५२ या काळात अक्षरशः उपसून काढलं. आपण विहीर उपसतो तसं. मग तळाशी शेती केली आणि पुढे त्याच तळाशी विमानतळ बांधला, समुद्रसपाटीच्या साधारण ३ मीटर खाली. पासपोर्ट हातात आणि गोळा पोटात घेऊन मी ज्या रांगेत उभी होते, तिच्या डोक्यावरून एकेकाळी गलबतं जात होती! हे ऐकलं आणि मी बाकावरून उडालेच. शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून म्हटलं, "तुला माहीत होतं?" तिलाही माहीत नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी तिला अशीच ढोसत राहिले. बिचारीनं एकदाही तक्रार केली नाही.

आधी मी तिथं पोचले कशी ते थोडक्यात सांगते. मी सांगलीची, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या गावात पूर आणि पाण्याच्या नियोजनावर दोन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम असतो, असं एका सीनियर ताईकडून कळलं. गंमत म्हणून अर्ज केला आणि निवड झाली! निम्मी फी माफ झाली, उरलेल्यासाठी पप्पांनी एफडी मोडली. व्हिसाच्या कागदपत्रांत ३० हजार युरोंचं विमा संरक्षण लागतं हे वाचून आज्जी म्हणाली, "एवढं काय हुतंय तिथं?" बँकेचं स्टेटमेंट, मुंबईच्या दोन फेऱ्या, एकदा फोटोची पार्श्वभूमी चुकली म्हणून परत. हा भाग कंटाळवाणा आहे, सगळ्यांचा सारखाच असतो, सोडून देते. बॅगेत दोन किलो भडंग होतं एवढं मात्र नोंदवते.

सोमवारी पहिला दिवस. सकाळी ते तळ्याचं कळलेलं, डोकं आधीच भणभणलेलं. बरोब्बर १२ वाजता भोंगा वाजला.

साधासुधा नाही. खिडक्यांच्या काचांतून आत घुसणारा, चढत जाणारा, सगळ्या गावावर पसरणारा भोंगा. माझ्या पायातलं बळच गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मी नववीत होते. आमचं घर गावभागात. रिक्षावर लाउडस्पीकर बांधून पुकारा करत फिरणारी माणसं, दर तासाला पायऱ्या मोजणारे पप्पा, आणि रात्री तिसऱ्या पायरीला लागलेलं पाणी. तो सगळा आठवडा त्या एका आवाजासरशी पोटात परत आला. मी उभी राहिले आणि दप्तर उचललं. खरंच उचललं! वर्गातली डच पोरं मात्र वहीतून मान वर काढायला तयार नाहीत. खुलन्याहून आलेला बांगलादेशी मुलगाही माझ्यासारखाच अर्धवट उठलेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, भोंगा वाजतोय.

दीड मिनिटानं तो थांबला. शिकवणारे आजोबा (आजोबाच म्हणायला हवं, सत्तरीचे तरी होते) हसून म्हणाले, महिन्याचा पहिला सोमवार. देशभर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला हा भोंगा वाजवून बघतात, चालतोय का. बस्स, एवढंच!

मी खाली बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. आमच्याकडे पूर येतो तेव्हा भोंगा शोधतात. इथं भोंगा आधी तपासतात, दर महिन्याला, कोरड्या खडखडीत सोमवारी, लोक जेवायला निघालेले असताना.

या आजोबांना 'सर' म्हणायचं नव्हतं. नावानं हाक मारायची. मी दोन आठवडे प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी मी त्यांना कशानंच हाक मारायची नाही असा मधला मार्ग काढला. हात वर करायचा आणि त्यांनी बघेपर्यंत थांबायचं.

आता सायकल! डेल्फ्टमध्ये सायकल नसेल तर माणूस अपंग. मी भाड्यानं घेतली. सांगलीत सातवीपासून सायकल चालवलेली मी, मला काय शिकवताय? तर त्या सायकलीला हँडलवर ब्रेकच नव्हता. ब्रेक लावायचा तर पायडल उलटं दाबायचं. हे दुकानदारानं सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पहिल्याच चौकात सवयीनं बोटं हवेत आवळली, हाताला काहीच लागलं नाही, पायडल मात्र मी नेहमीच्या सवयीनं मागं फिरवलं आणि सायकल जागच्या जागी खिळली. मी नाही खिळले. गुडघा फुटला. मागून येणाऱ्या एका बाई थांबल्या, त्यांच्या सायकलीला पुढे लाकडी पेटी आणि पेटीत दोन पोरं. त्यांनी पर्समधून पट्टी काढून दिली आणि निघूनही गेल्या. पोरं मात्र वळून वळून बघत होती.

पण त्या सायकलीमुळेच मला ते दृश्य दिसलं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. डेल्फ्टच्या दक्षिणेला स्खी नावाचा कालवा रॉटरडॅमकडे जातो. मी खालच्या रस्त्यानं चालले होते. डावीकडे हिरवंगार कुरण, काळ्यापांढऱ्या गाई. उजवीकडे गवताचा बांध. आणि बांधाच्या वरून, माझ्या डोक्याच्या वरून, एक बोट चालली होती! बोटीतला माणूस कॉफी पीत होता. मी खाली, गाई खाली, पाणी वर. मी सायकल थांबवली (यावेळी नीट) आणि तिथंच गवतावर बसले. नदी खाली असते आणि गाव वर, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की उलटं दिसल्यावर चक्कर आल्यासारखं झालं. अख्खा प्रदेश असाच. शेतातलं पाणी पंपानं उचलून वरच्या कालव्यात टाकायचं, कालव्यातून पुढे नदीत, समुद्रात. पंप रात्रंदिवस. पूर्वी हेच काम पवनचक्क्या करायच्या. मी आजवर कॅलेंडरवर पवनचक्की बघून 'पीठ दळत असतील' म्हणत होते! पुष्कळ जणी दळतही होत्या, पण किंडरडाइकच्या त्या प्रसिद्ध १९ जणी पाणी उपसायला बांधलेल्या. पाणी उपसायला!

आणि हे सगळं सांभाळतं कोण? हे ऐका. 'वॉटरस्खाप' नावाची वेगळी सरकारं आहेत, फक्त पाण्यासाठी. देशात २१. त्यांची दर चार वर्षांनी निवडणूक होते, त्यांचा स्वतःचा कर असतो. डेल्फ्टचा प्रदेश ज्यांच्याकडे आहे त्या डेल्फलँडचा इतिहास १२८९ पर्यंत मागे जातो. १२८९! देवगिरीवर रामदेवराय यादव होते तेव्हा! ज्ञानेश्वरीसुद्धा अजून एक वर्ष दूर होती. आणि ती संस्था आजही चालू आहे, आजही बांध तपासते, आजही बिल पाठवते. गावातल्या जुन्या कालव्याच्या काठी त्यांची पाचशे वर्षांची इमारत आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत ढाली कोरलेल्या. मी तिच्यासमोर दोनदा जाऊन उभी राहिले.

मग आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे लोकांनी मिळून पाणी सांभाळायची जुनी पद्धत कुठली? प्रत्येकानं सांगा. माझी पाटी कोरी. ओळ माझ्यापर्यंत येत चालली तसा घाम फुटला. आणि अचानक आठवलं, फड! धुळ्याकडची पांझरा नदी, नदीवर छोटे बंधारे, कालव्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी वाटायला गावानं नेमलेला पाटकरी. शेकडो वर्षं चाललेली पद्धत. आमच्या पुस्तकात ती चार ओळींत आहे, परीक्षेला दोन मार्कांना येते, म्हणून पाठ होती. मी त्या चार ओळी बोलले आणि आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का? पाटकऱ्याला पगार कोण देतं? दुष्काळात कुठला फड बंद ठेवायचा हे कसं ठरतं? मला यातलं अर्धंही सांगता आलं नाही. रात्री खोलीवर बसून मी फड पद्धतीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. डेल्फ्टमध्ये बसून धुळ्याबद्दल! हसावं की रडावं.

वॉटरस्खापची आणखी एक गोष्ट. त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत, ज्यांचं काम एकच, पाणउंदीर पकडणं. मस्करॅट नावाचा हा प्राणी बांधात बिळं करतो आणि बांध पोकळ होतो. सगळा वर्ग गंभीरपणे लिहून घेत होता आणि मला एकटीला खुदकन हसू फुटलं. काय करणार, २०१९ साली चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं आणि सगळा महाराष्ट्र चिडून हसला होता. हसणं बरोबरच होतं, कारण माणसं गेली होती आणि गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. पण त्या दिवशी मला नवीनच कळलं. प्राणी बांध पोखरतात हे खरंच असतं, फक्त ते माहीत असेल तर आधीच माणूस नेमायचा असतो.

स्वयंपाकघराबद्दल लिहिलं नाही तर आई रागावेल. आमच्या मजल्यावर दहा जणांत एक स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी दुकानातून दूध आणलं, चहात ओतलं, चहा नासला. दुसरा कप, तोही नासला. डबा नीट वाचला तर 'कार्नेमेल्क'. चाखून बघितलं तर ताक! आंबट, दाटसर, आपलं ताक! मी चहा मोरीत ओतला आणि आनंदानं दुसरा डबा आणायला पळाले. ताक म्हणजे कढी. कढीला बेसन हवं. बेसन कुठं? तर ट्रामनं हेगला. डेल्फ्टहून १ नंबरची ट्राम थेट जाते.

हेगमध्ये सुरीनामी दुकानं आहेत आणि तिथं मी गल्ल्यावरच्या आज्जींशी हिंदीत बोलले. त्यांनी जे उत्तर दिलं ते हिंदीही नव्हतं आणि डचही नव्हतं, पण मला निम्मं कळलं. सरनामी! १८७३ मध्ये 'लल्ला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून सुरीनामला पोचलं, उसाच्या मळ्यांवर करारानं राबायला नेलेली बिहार-उत्तर प्रदेशाकडची माणसं घेऊन. त्यांच्या पणतवंडांतली कित्येक घरं पुढे सुरीनाम सोडून नेदरलँड्सला आली. आज्जींनी मला बेसन दिलं, चवळीच्या लांबलचक शेंगा दिल्या आणि एक पिवळी, निष्पाप दिसणारी मिरची. नाव 'मादाम जनेत'. "एकच घाल," त्यांनी बोटानं दाखवलं. मी सांगलीची! मी दोन घातल्या. त्या रात्री आमच्या मजल्यावर दहा जणांनी कढी प्यायली आणि दहाही जण रडले, मी सुद्धा.

त्याच रडक्या, नाक ओढणाऱ्या रात्री पुराच्या गोष्टी निघाल्या. खुलन्याचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे 'बोन्ना'. सेमारांगची इंडोनेशियन मुलगी म्हणाली, पावसाचा तो 'बंजिर', पण आमच्याकडे भरतीचं पाणी रस्त्यावर येतं, ऊन असतानाही येतं, त्याला 'रोब' म्हणतात, आईनं घराची जमीन तीनदा उंच केली, आता छताला डोकं लागतं. मी म्हटलं, महापूर. तिघांनी चारही शब्द म्हणून बघितले. मी २०१९ च्या पुरातली ब्रह्मनाळची बोट सांगितली, माणसं वाचवायला निघालेली आणि उलटलेली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. कुणीतरी भडंग काढलं.

शनिवारी सहल झेलँड प्रांतात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाण एकत्र आलं, १ फेब्रुवारीला पहाटे बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं बुडाली. शेवटचं खिंडार बुजवायला त्याच वर्षी नोव्हेंबर उजाडला. आउवरकेर्कमध्ये ते बुजवायला काँक्रीटच्या चार प्रचंड पेट्या पाण्यात बुडवल्या होत्या. आज त्या पेट्यांच्या आतच संग्रहालय आहे. म्हणजे तुम्ही बांधाच्या पोटात शिरता! आत गार, अंधार, ओलसर वास. एका दालनात गेलेल्यांची नावं आहेत, आणि त्या कलाकृतीचं नाव आहे '१८३५ अधिक १'. तो अधिक एक म्हणजे त्या रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री गेलेलं बाळ, ज्याची कुठं नोंदच झाली नव्हती. त्यांनी त्याला मोजलं. मोजलं! मी पुढच्या दालनात गेलेच नाही, बाहेर बांधावर येऊन वाऱ्यात उभी राहिले.

तिथून परतताना मासलांटकेरिंग. काय सांगू! रॉटरडॅमच्या बंदराकडे जाणारा ३६० मीटर रुंद जलमार्ग बंद करायचे दोन दरवाजे. एकेक दरवाजा २१० मीटर लांब, २२ मीटर उंच. त्यांना धरणारे पोलादी हात असे, की एका फोटोत मावत नाहीत. १९९७ मध्ये बांधून झाले. पाणी ठरलेल्या पातळीवर जाणार असा अंदाज आला की दरवाजे बंद करायचा निर्णय संगणक घेतो. साहेबांच्या सहीसाठी फाइल थांबत नाही! खऱ्या वादळासाठी ते पहिल्यांदा बंद झाले नोव्हेंबर २००७ मध्ये आणि पुढे डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत दर शरद ऋतूच्या तोंडावर एकदा बंद करून बघायचं, बाकी रंग द्यायचा, वंगण घालायचं आणि वाट बघायची. मी आज्जीला व्हिडिओ कॉल लावून दरवाजे दाखवले. आज्जी बराच वेळ बघून म्हणाली, "आणि कडी कुठनं घालत्यात?"

सगळंच भारावून लिहितेय असं वाटेल, तर दोन गोष्टी सांगते. एक, पाणी उपसत राहिलं की दलदलीची जमीन वाळून आकसते आणि आणखी खाली बसते, मग आणखी उपसावं लागतं. हजार वर्षं हेच चाललंय. यातून सुटका कशी, हे त्यांनाही पुरतं सापडलेलं नाही आणि ते हे लपवत नाहीत. दुसरी, त्यांच्याकडे वर्षभरात साधारण ८५० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने थोडा थोडा. महाबळेश्वरात जुलैच्या एखाद्या माजलेल्या आठवड्यात तेवढा पडतो. त्यामुळे तिथलं दार उचलून कृष्णेला बसवा असं म्हणणाऱ्या माणसाला आधी जून ते सप्टेंबर सांगलीत ठेवावं. आणि हो, दुपारच्या जेवणाला गार पाव आणि चीज रोज रोज? हा देश समुद्राशी लढला, पण जेवणाच्या बाबतीत फार लवकर हरला.

पण नाइमेखन शहर! तिथल्या वाल नदीला १९९३ आणि १९९५ मध्ये मोठे पूर आले. १९९५ ला सावधगिरी म्हणून अडीच लाख माणसं हलवावी लागली. आपण काय केलं असतं? बांध उंच. त्यांनी काय केलं? बांध मागे घेतला! शहरासमोरच्या लेंट गावात बांध ३५० मीटर आत सरकवला, पन्नासेक घरं पाडली, नदीला शेजारून नवा फाटा खणून दिला. कशासाठी? पुराची पातळी ३५ सेंटिमीटरनं उतरावी म्हणून. ३५ सेंटिमीटर! माझ्या वहीएवढं! मी आजोबांना विचारलं, एवढ्यासाठी घरं पाडली? ते म्हणाले, तुझ्या घरात ३५ सेंटिमीटर पाणी कमी आलं असतं तर काय वाचलं असतं?

मी मनातल्या मनात घरात शिरले. देव्हारा वाचला असता. आज्जीची तांदळाची कोठी वाचली असती. पप्पांच्या दुकानाच्या वह्या वाचल्या असत्या.

आमच्याकडे चहाच्या टपरीवर पूर म्हटलं की कर्नाटकातलं अलमट्टी धरण, दुसरी गोष्ट नाही. अलमट्टीचं पाणी किती फुगतं यावर तज्ज्ञांनीच भांडावं, माझी तेवढी पोच नाही. पण हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथंपर्यंत नदीकाठानं सायकलवर जाताना नदीची जागा कुठं संपते आणि आपली कुठं सुरू होते, हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता, एवढं खरं.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या गावाचा पूर मांडायचा होता. मी जोशात. कृष्णेवरचा आयर्विन पूल, इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, २००५, २०१९, २०२१, सगळे आलेख, २०१९ ला ५७ फुटांच्या वर. आमच्या घराच्या भिंतीवर आज्जीनं कोळशानं ओढलेल्या रेघेचा फोटोसुद्धा लावला होता. टाळ्यांची वाट बघत उभी राहिले. आजोबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "५७ फूट. कुठून?"

मी म्हटलं, नदीच्या तळापासून. ते म्हणाले, तळ तर दरवर्षी बदलतो. मी म्हटलं, पुलाच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. ते म्हणाले, छान, मग ते शून्य कुठं आहे? आणि तुझ्या आज्जीची रेघ त्या शून्यापासून किती वर आहे?

माहीत नाही. तीन वर्षं सर्व्हेइंग शिकले, ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं यंत्र खांद्यावर घेऊन कॉलेजचं मैदान चार वेळा पालथं घातलं, बेंचमार्कची, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेची, व्याख्या झोपेत सांगेन, आणि लहानपणापासून रोज जो आकडा ऐकत आले तो कुठून मोजतात ते मला माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी एकटीच आगगाडीनं ॲमस्टरडॅमला गेले. बाकीचे चित्रं बघायला गेले, मी शून्य बघायला. तिथल्या नगरसभागृहाच्या इमारतीत पाण्याचे काचेचे खांब आहेत. दोन खांबांत समुद्राची आत्ताची पातळी खालीवर होते, तिसऱ्यात १९५३ च्या पुराचं पाणी उभं केलंय, शून्याच्या ४.५५ मीटर वर. मान वर करून बघावं लागतं. आणि खाली तळघरात पितळेची एक गोल घुंडी. तेच शून्य. १६८३-८४ च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या कालव्यांच्या दारांवर खुणांचे दगड बसवले, तेव्हापासून चालत आलेलं. देशातला प्रत्येक बांध, रस्ता, उंबरा याच शून्यापासून मोजतात. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी घुंडीवर तळहात ठेवला. पितळ गार होतं.

परत आल्यावर मिरजेहून सांगलीला गाडी शिरली आणि मला पहिल्यांदा ती दिसली. म्हणजे हजार वेळा बघितलेली, पण दिसली पहिल्यांदा. स्टेशनची पिवळी पाटी. मराठी, हिंदी, इंग्रजी नाव आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. आपलंही शून्य आहे की! भारतीय सर्वेक्षण विभागाचं, समुद्राच्या सरासरी पातळीला बांधलेलं, इंग्रजांच्या काळापासूनचं, आणि प्रत्येक स्टेशनवर लिहून ठेवलेलं! आणि आपण त्या पाटीखाली उभं राहून वडापाव खातो.

पाटीवरचा आकडा म्हणजे बेंचमार्क नव्हे, हे मलाही कळतं. पण कुठून तरी सुरुवात हवी. कॉलेजची ऑटो लेव्हल आणि तिच्याबरोबरची स्टाफ ही उंच मोजपट्टी मागून घेतली, वर्गातले चौघं पकडले आणि गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला, रस्ते रिकामे असताना, स्टेशनपासून लेव्हल ओढत ओढत गावभागात आमच्या उंबऱ्यापर्यंत आणली. दोनदा चूक झाली, एकदा कुत्रं मागं लागलं, दूधवाल्यानं विचारलं, "रस्ता रुंद होणाराय काय?" आज्जीनं सगळ्यांना पोहे केले आणि स्वतः जाऊन कोळशाच्या रेघेशेजारी उभी राहिली. २००५ ची रेघ खाली, २०१९ ची वर. दोन्हींत २ फूट ११ इंचांचं अंतर. २०२१ ची रेघ नाही, कारण त्या आधीच भिंतीला नवा रंग दिला होता आणि नव्या रंगावर रेघ ओढायचा आज्जीला धीर झाला नाही. जुन्या दोन वाचल्या त्या जिन्याखाली रंगारी पोचला नाही म्हणून.

तर सांगली, मिरज, कुरुंदवाड, शिरोळ, जिथं कुठं हे वाचत असाल तिथं, तुमच्या भिंतीवर, खांबावर, देवळाच्या पायरीवर पुराची खूण असेल तर दिवाळीचा रंग काढण्याआधी ती उंबऱ्यापासून मोजा, तारीख लिहा, फोटो काढून ठेवा. लेव्हल घेऊन आम्ही येऊ. रविवारी पहाटे मोकळे असतो.